हाडांवरच्या खुणा ओळखणं (गुहेतली प्रागैतिहासिक हाडं)

गुहेत सापडलेल्या जुन्या हाडावर ओरखडा दिसला की लोक लगेच म्हणतात आदिमानवानं कापलंय, पण आधी बाकीचे संशयित बाद करावे लागतात, आणि हे काम टॅफोनॉमी, म्हणजे प्राणी मेल्यानंतर त्याच्या हाडांचं काय काय होतं हे अभ्यासणाऱ्या शास्त्रात येतं. आपल्या खानदेशात गुहा म्हटलं की शेजारच्या पितळखोऱ्यासारखी कोरीव लेणीच आठवतात, चुनखडी जवळजवळ नाही त्यामुळे आंध्रातल्या कर्नूलसारख्या हाडांनी भरलेल्या गुहा इथे मिळत नाहीत, पण हाडांवर खुणा करणारे दोन मोठे संशयित, तरस आणि साळिंदर, सातपुड्यात आजही फिरतात.

तरस हाडाची मऊ टोकं खाऊन टाकतं, मधली नळी उरते, तिच्यावर दातांचे खड्डे, आणि गिळलेले तुकडे पोटातल्या अ‍ॅसिडनं झिजून गुळगुळीत होतात. वावरात भुईमूग उकरणारं साळिंदर बिळात वाळकी हाडंही ओढून नेतं आणि कुरतडतं, त्याचे चर रुंद, सपाट तळाचे, एकाला एक लागून, पटाशीनं लाकूड तासल्यासारखे. दगडी पात्याचा काप अरुंद असतो, खाली निमुळता, आत बारीक समांतर रेघा, आणि बहुतेक सांध्यापाशी किंवा स्नायू चिकटतो तिथेच. वाळूत जनावरांच्या पायाखाली आलेलं हाड मात्र कुठेही, कसंही, उथळ खरवडलेलं दिसतं, इथेच जास्त घोटाळे होतात. ताजं हाड पिळवटल्यासारखं तिरकं फुटतं, वाळलेलं आडवं तुटतं.

गाजलेलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेचं. तिथल्या पॅरान्थ्रोपस या माणसाच्या आदिम नातलगाच्या एका लहान कवटीवर दोन भोकं होती, शास्त्रज्ञ सी. के. ब्रेन यांनी दाखवलं की त्यांच्यातलं अंतर बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळतं. म्हणजे तिथे आपले हे नातलग शिकारी नव्हते, शिकार होते.

हीच तपासणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचांनाही लागू होते. भारतात 'कोरलेली' म्हणून सांगितलेली बरीच कवचं नंतर नैसर्गिक खुणांची निघाली, झाडाची मुळं अ‍ॅसिडनं अशा नागमोडी रेघा काढतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना मिळालेला सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा तुकडा मात्र या चाळणीतून टिकला, कारण त्यावर समांतर रेघांच्या मधे आडव्यातिडव्या रेघांची जाळी नीट बसवलेली आहे, आणि एवढी शिस्त मुळांना कुठून असणार!