पवनचक्कीचे पैसे मिळणं वेगळं आणि पवनचक्की आपली असणं वेगळं

पवनऊर्जेच्या कुठल्याही प्रोजेक्टची बातमी वाचा, 'स्थानिकांना फायदा होणार' हे वाक्य हमखास असतंच. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरसकट खिचडी केलेली असते. एक म्हणजे कंपनी देते ते पैसे, मग ते जमिनीचं भाडं असो की गावासाठीचा निधी. दुसरी म्हणजे त्या टर्बाइनमध्ये, म्हणजे वीज तयार करणाऱ्या पवनचक्कीत, लोकांचा स्वतःचा वाटा. दोन्हीकडून गावात पैसाच येतो, म्हणून गल्लत होते, पण करारावर सही करायची वेळ येते तेव्हा हा फरक माहीत नसेल तर पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

भाड्याचं सोपं आहे. टॉवर ज्याच्या जमिनीवर, पैसे त्याला. शेजाऱ्याच्या घरावर फिरत्या पात्यांची सावली पडते, रात्री आवाजही त्याला तितकाच येतो आणि हातात काहीच येत नाही, भांडणं सुरू होतात ती इथूनच. म्हणून काही ठिकाणी कंपन्या सगळ्या गावासाठी वेगळा निधी देतात. स्कॉटलंडमध्ये सरकारने सुचवलेला आकडा आहे दर मेगावॉट क्षमतेमागे वर्षाला 5,000 पाउंड, म्हणजे 10 मेगावॉटच्या प्रोजेक्टमागे 50,000 पाउंड. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण बऱ्याच कंपन्या पाळतात. यात गावाची एक पैशाची गुंतवणूक नाही, जोखीम नाही, वारा कमी वाहिला तरी आकडा तोच. हे कमी लेखू नका, लहान गावाला दरवर्षी खात्रीने येणारी रक्कम म्हणजे मोठा आधार असतो.

मालकीचं गणित मात्र पूर्ण वेगळं. वीज विकून जे येतं त्यातून आधी लोनचा हप्ता, मेंटेनन्स, विमा हे सगळं जातं आणि उरेल ते तुमचं. आणि वारा लहरी आहे हो, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते आणि वेग निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो, त्यामुळे वर्षभराचा सरासरी वेग थोडा जरी घसरला तरी कमाईत ते लगेच दिसतं. गिअरबॉक्स गेला तर खर्चही तुमचाच. पण लोन फिटलं की येणारा पैसा भाड्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे निर्णय तुमच्या हातात राहतो.

डेन्मार्कने हे फार आधी ओळखलं. कोपनहेगनजवळच्या समुद्रात 2000 साली मिडलग्रुन्डन या प्रोजेक्टच्या 20 टर्बाइन उभ्या राहिल्या, एकूण 40 मेगावॉट, त्यातली निम्मी मालकी आठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेची. एक शेअर म्हणजे वर्षाला साधारण 1,000 युनिट वीज, असा हिशोब ठेवला होता, म्हणजे सामान्य माणसालाही आपण नक्की काय विकत घेतोय ते कळावं. पुढे 2009 च्या कायद्याने तिथे नव्या प्रोजेक्टचा किमान 20 टक्के वाटा आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं.

पण शेअर घ्यायला हातात पैसे लागतात, ज्याच्याकडे नाहीत तो इथेही बाहेरच राहतो. म्हणून मला स्कॉटलंडच्या गिया बेटाची पद्धत सगळ्यात जास्त पटते. तिथल्या लोकांनी 2002 मध्ये ट्रस्ट करून बेटच विकत घेतलं, मग अनुदान आणि लोन जमवून तीन सेकंडहँड टर्बाइन बसवल्या, प्रत्येकी फक्त 225 किलोवॉटच्या. मालकी सगळ्या बेटाची, त्यामुळे नफा गेला तो जुनी पडकी घरं दुरुस्त करण्यात, आणि त्यात शेअर घेतलेला-न घेतलेला असा भेद राहिला नाही.

आणि पवनचक्की आपली असण्याचा फरक पैशापुरताच नसतो, आवाजाचीच गोष्ट घ्या. नेदरलँड्समध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना टर्बाइनमधून आर्थिक फायदा होता त्यांना तितक्याच आवाजाचा त्रास बराच कमी वाटत होता. यावरून काही जण म्हणतात की पैसे वाटा, लोक गप्प बसतील. मला हे अजिबात मान्य नाही. त्या लोकांपैकी बऱ्याच जणांचा टर्बाइन उभारण्याच्या निर्णयातही हात होता, आणि आपण ठरवून आणलेली गोष्ट माणूस वेगळ्या कानाने ऐकतो.

तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर मीटिंगमध्ये 'किती पैसे देणार' एवढ्यावर थांबू नका. रक्कम महागाईबरोबर वाढणार का? कंपनी विकली गेली तर करार नव्या मालकावर बंधनकारक राहील का? वाटा घ्यायची सोय आहे का, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या वतीने गावाला तो घेता येईल का? टर्बाइनचं आयुष्य संपल्यावर पाती, टॉवर आणि जमिनीतलं काँक्रीट काढायचा खर्च कोणाचा, आणि ती रक्कम आतापासून बाजूला ठेवली आहे का? भाड्याच्या करारात हे लेखी नसेल तर तो सांगाडा शेतात तसाच राहू शकतो. मालकी गावाची असेल तर हा खर्चही गावाचाच, तो पहिल्या वर्षापासून हिशोबात धरावाच लागतो.