चार शब्द, एकच उच्चार

परकी भाषा बोलताना उच्चार चुकला की आपण सगळा दोष जिभेवर ढकलतो. जीभ वळत नाही, जीभ जड आहे, असे सहज बोलून जातो. लहान मुलाची वाचा स्पष्ट व्हावी म्हणून वेखंड उगाळून जिभेवर चाटवण्याची पद्धत आपल्याकडे आजही आहे. दक्षिण कोरियात 2000 नंतरच्या काही वर्षांत याच समजुतीने कळस गाठला. मुलांना इंग्रजीतले र आणि ल वेगवेगळे म्हणता यावेत म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेणारे पालक तिथे निघाले आणि त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. अमेरिकेत वाढलेल्या कोरियन मुलांची जीभ काही वेगळी नसते, आणि तीच मुले र आणि ल अगदी साफ म्हणतात. ज्याला जन्मतः खरोखरच जिभेचा दोष आहे त्याची गोष्ट निराळी, पण बाकीच्यांच्या बाबतीत अडचण जिभेत नसते. ती ऐकण्यात असते.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण चेक भाषकांचे आहे. बेड, बेट, बॅड आणि बॅट हे चार इंग्रजी शब्द घ्या. पलंगाला चेक भाषेत पोस्तेल म्हणतात, पैजेला सास्का, वाईटाला श्पात्नी आणि वटवाघळाला नेतोपीर. अर्थ इतके लांबलांबचे की गोंधळाला जागाच नाही. पण इंग्रजी नुकतेच शिकू लागलेला चेक माणूस हे चारही शब्द बोलतो तेव्हा इंग्रजाच्या कानावर चारही वेळा जवळजवळ 'बेट' पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंग्रज ते चार शब्द एकामागून एक म्हणतो तेव्हा या माणसालाही त्यांत फारसा फरक जाणवत नाही.

चाराचे एक होण्यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत. पहिले सोपे आहे. चेकमध्ये अ, ए, इ, ओ, उ असे पाच स्वर आणि त्या प्रत्येकाचे दीर्घ रूप आहे. ॲ नाही. त्यामुळे बॅड आणि बेड यांतला स्वर एकाच खान्यात, ए च्या खान्यात जातो. मराठीतही ॲ मुळात नव्हता. इंग्रजी शब्द इतके आले की तो बोलण्यात रुळला, त्याला अक्षर मिळाले आणि आता तो अधिकृत वर्णमालेतही आहे. म्हणून बॅट आणि बेट यांत आपली गफलत होत नाही.

खरी गंमत दुसऱ्या कारणात आहे. शाळेत आपण मृदू आणि कठोर व्यंजने शिकतो. ग, द, ब मृदू. क, त, प कठोर. फरक स्वरयंत्रात आहे. मृदू व्यंजन म्हणताना घशातले स्वरतंतू थरथरतात, कठोर म्हणताना थरथरत नाहीत. गळ्याच्या घाटीवर दोन बोटे ठेवून आधी 'पद' म्हणा आणि मग 'पत'. पहिल्या शब्दाच्या शेवटापर्यंत बोटांना कंप लागतो, दुसऱ्यात तो आधीच थांबतो. पद आणि पत, साद आणि सात, वाद आणि वात, अशा जोड्या मराठी माणूस आयुष्यभर न चुकता वेगळ्या ठेवतो.

चेक भाषेत शब्दाच्या अखेरीस हा फरक टिकत नाही. बर्फाला तिथे लेद लिहितात आणि उड्डाणाला लेत, पण दोन्हींचा उच्चार लेत. फळ म्हणजे प्लोद आणि कुंपण म्हणजे प्लोत, दोन्ही बोलताना प्लोत. मूळ द नाहीसा झालेला नसतो. विभक्तीचा प्रत्यय लागला आणि पुढे स्वर आला की तो परत येतो: बर्फाचा म्हणजे लेदु, उड्डाणाचा म्हणजे लेतु. वर पैजेला सास्का म्हटले, तो शब्दही लिहिताना 'साझ्का' असा आहे. पुढच्या कठोर क मुळे आधीचा झ देखील कठोर होऊन स झाला. जर्मन, रशियन, पोलिश, डच आणि तुर्की भाषांतही शब्दाअखेर असेच घडते.

वाचकाला हे ओळखीचे वाटत असेल तर त्याला कारण आहे. आपद् अधिक काल बरोबर आपत्काल. क्षुध् अधिक पिपासा बरोबर क्षुत्पिपासा. प्रथम व्यंजन संधी म्हणून शाळेत जे पाठ केले तेच हे. संस्कृतात वाक्याच्या अखेरीस विराम आला की सुहृद् चे सुहृत् होऊ शकते, आणि पाणिनीने त्यासाठी 'वाऽवसाने' हे स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्यातला 'वा' म्हणजे विकल्पाने, दोन्ही रूपे चालतात. चेकमध्ये हा विकल्पही उरलेला नाही.

इतक्या वेगवेगळ्या भाषांत हे एकच का घडावे? उत्तर हवेच्या दाबात आहे. स्वरतंतू थरथरायचे तर त्यांच्यामधून हवा वाहती राहिली पाहिजे, आणि हवा वाहायची तर तंतूंच्या खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त हवा. द म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते आणि वाट बंद होते. फुप्फुसातून येणारी हवा तोंडात कोंडते, तोंडातला दाब वाढतो आणि पाहता पाहता खालच्या दाबाला गाठतो. दाब सारखे झाले की प्रवाह बंद आणि कंपही बंद. गाल आणि घशाच्या भिंती थोड्या फुगतात, स्वरयंत्र किंचित खाली सरकते, त्यामुळे काही मिलिसेकंद जास्त मिळतात इतकेच. म्हणजे मृदू स्पर्श व्यंजन हे मुळातच टिकवायला कष्टाचे आहे. बोलणे संपत आले की फुप्फुसाकडचा दाबही उतरतो, तेव्हा शब्दाच्या टोकाला ते आणखी कठीण होते. यातून एक बारकावाही निघतो. ब म्हणताना ओठांमागे सगळे तोंड मोकळे असते, हवेला जागा भरपूर. ग म्हणताना जीभ पार मागे टेकते आणि तिच्यामागे जागा अगदी थोडी उरते, म्हणून ग सर्वांत आधी धाप टाकतो. ज्या भाषांत ब आणि द आहेत पण ग नाही, अशा भाषा जगात बऱ्याच आहेत. चेकच्या अस्सल शब्दांतही आज ग नाही. जुन्या ग चा तिथे शतकांपूर्वी ह झाला, आणि तो ह आपल्या मराठी ह सारखाच घुमणारा आहे. म्हणून पोलिश आणि रशियन लोक ज्या शहराला प्रागा म्हणतात, त्याचेच लोक त्याला प्राहा म्हणतात.

आता इंग्रजीकडे येऊ. हवेचे नियम इंग्रजांनाही तेच लागू आहेत. बॅड मधला शेवटचा ड इंग्रज माणूस म्हणतो तेव्हा त्यातला कंप बहुतेक वेळा अर्ध्यातच विझतो, पुष्कळदा तर नसतोच. तरीही बॅड आणि बॅट त्याला स्वच्छ वेगळे ऐकू येतात, कारण फरक शेवटच्या व्यंजनात उरलेलाच नाही. तो आधीच्या स्वरात सरकला आहे. मृदू व्यंजनाच्या आधीचा स्वर इंग्रजीत लांबतो, कठोर व्यंजनाच्या आधीचा आखडतो. गॉर्डन पीटरसन आणि इल्से लेहिस्टे यांनी 1960 साली अमेरिकन इंग्रजीतले स्वर मोजले तेव्हा हे प्रमाण साधारण तीनास दोन निघाले. त्याआधी 1955 मध्ये पीटर डेनेस यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. 'वापर' या नामासाठी इंग्रजीत यूस आहे आणि 'वापरणे' या क्रियापदासाठी यूझ. डेनेस यांनी ध्वनिफितीवर कठोर स तसाच ठेवला, आधीचा स्वर लांब केला आणि स ची लांबी कमी केली. ऐकणाऱ्यांना यूझ ऐकू आले. झ तिथे कुठेच नव्हता. काळाच्या हिशेबातून मेंदूने तो स्वतः तयार केला.

चेक माणसाची कोंडी इथे होते. त्याच्या भाषेत स्वराच्या लांबीला आधीच दुसरे काम दिलेले आहे. पास मधला आ आखूड असेल तर पासपोर्ट, लांब असेल तर कमरेचा पट्टा. बित म्हणजे राहते घर, बीत म्हणजे असणे. तिथे लांबी स्वराची ओळख सांगते. लांब स्वर कानावर पडला की चेक मेंदू 'हा वेगळा स्वर' अशी नोंद करतो. त्यावरून पुढच्या व्यंजनाबद्दल काही अंदाज बांधायचा असतो हे त्याला शिकवलेलेच नाही. त्यात भर म्हणजे इंग्रजी ॲ हा ए पेक्षा मुळातच लांब आहे. म्हणून चौघांत बेट सर्वांत आखूड, बॅड सर्वांत लांब, आणि बेड व बॅट मध्ये कुठेतरी. इंग्रज कान स्वराची जात आणि त्याची लांबी ही दोन मापे एकदम वाचून चार शब्द सोडवतो. चेक कानाला पहिल्या मापात खाना नाही आणि दुसऱ्या मापाचा अर्थ त्याच्यासाठी वेगळा आहे.

सिंग, सिंक, थिंग, थिंक या चौकडीचेही तसेच. गाणे, भांडी घासायची मोरी, वस्तू आणि विचार करणे. चेकमध्ये थ सारखा तो इंग्रजी ध्वनी नाही, त्याच्या जागी अनेकदा स येतो. शेवटचा ग कठोर होऊन क होतो. उरते एकटे सिंक.

हे सगळे समजावून सांगणारा सिद्धान्त प्राग शहराशीच जोडलेला आहे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. चार्ल्स विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक विलेम मातेसियुस यांनी 1926 मध्ये प्राग भाषावैज्ञानिक मंडळ सुरू केले. रोमान याकोब्सन त्यात होते आणि व्हिएन्नाहून निकोलाय त्रुबेत्स्कॉय येत. लेद आणि लेत एक होण्यासारख्या प्रकाराला 'निरसन' या अर्थाची संज्ञा देऊन त्याचे शास्त्र त्रुबेत्स्कॉय यांनी उभे केले. त्यांचा मुख्य ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1939 मध्ये निघाला. त्यात त्यांनी म्हटले आहे की मातृभाषेची ध्वनिव्यवस्था ही चाळणी असते आणि कानावर पडणारे प्रत्येक बोलणे तिच्यातून गाळून आत जाते. आपल्या भाषेत अर्थ बदलणारा फरक तेवढा आत शिरतो, बाकीचा बाहेर राहतो.

ही चाळणी किती लवकर बसते ते जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये दाखवले, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला एक फरक आपल्या घरचा आहे: हिंदीतले त आणि ट. इंग्रजीभाषी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळे हे दोन ध्वनी वेगळे ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना ते जमेनासे झाले होते. पहिला वाढदिवस होण्याच्या आतच मेंदूने ठरवलेले असते की आपल्या घरात कोणते फरक कामाचे आहेत. वेखंड चाटवायचे की नाही हा वाद सुरू होण्याआधीच ते काम उरकलेले असते!

मराठीची चाळणीही वेगळ्या ठिकाणी बारीक आणि वेगळ्या ठिकाणी भरड आहे. शेवटचे ड आणि ट आपण सांभाळतो. पण द्राक्षाची वेल आणि वाइन यांच्या इंग्रजी नावांत जे दोन वेगळे व आहेत, ते आपल्याला एकच वाटतात. चेक माणसालाही. शिप आणि शीप यांतला फरक मात्र त्याला बऱ्यापैकी जमतो आणि आपण घसरतो, कारण दिन आणि दीन आपण लिहिताना वेगळे ठेवले तरी बोलताना ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट दोघांनाही भोवते. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी प हा आपल्या प आणि ओठ मिटून म्हटलेल्या फ यांच्या मधला, हवेची फुंकर असलेला आहे. आणि सुरुवातीचा इंग्रजी ब हा पुष्कळदा कंप नसलेला, म्हणजे आपल्या प च्या अगदी जवळचा. ओठ उघडणे आणि कंप सुरू होणे यांत किती मिलिसेकंद जातात हे ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन यांनी 1964 मध्ये अकरा भाषांत मोजले. त्या अकरांत मराठी होती, कारण प, फ, ब, भ असा चौपदरी भेद करणाऱ्या भाषा थोड्याच आहेत. आपण चार खाने सांभाळतो, इंग्रजीत दोनच आहेत, तरी गाठ पडते. मराठी किंवा चेक माणसाने साधा, फुंकर नसलेला पॅट म्हटला तर इंग्रजाला तो बॅट वाटू शकतो.

प्रौढ वयात चाळणी बदलता येते का? काही प्रमाणात येते. जॉन लोगन, स्कॉट लाइव्हली आणि डेव्हिड पिसोनी यांनी 1991 मध्ये जपानी भाषकांना र आणि ल असलेल्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या अनेक वेगवेगळ्या आवाजांत ऐकवल्या, दर वेळी ओळखायला लावले आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले. त्यांची ओळख सुधारली. 1997 मध्ये ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी पुढची गोष्ट दाखवली: ज्यांना फक्त ऐकण्याचा सराव दिला, बोलण्याचा अजिबात नाही, त्यांचे उच्चारही सुधारले. सुधारणा बेताची होती, महिनाभरात इंग्रजासारखे बोलायला शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातींच्या जवळपासही नाही. पण कान दुरुस्त केला आणि जीभ मागोमाग आली, हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणून बॅड म्हणायला धडपडणाऱ्या चेक विद्यार्थ्याला 'ड वर जोर दे' असे सांगून उपयोग होत नाही. जोर दिला की तो हवा आणखी कोंडतो आणि ट आणखी कडक निघतो. त्याला सांगायचे ते असे: ड कडे पाहूच नकोस, ॲ लांबव आणि ड अलगद सोडून दे. बॅट म्हणताना उलट, स्वर तोड. आणि पॅट म्हणू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरावी. प म्हणताना ती हलली पाहिजे, ब म्हणताना जागच्या जागी राहिली पाहिजे.