जुनी मराठी वेबपाने वाचता का येत नाहीत?

जुनी पाने बहुतेक स्टॅटिक साइटवर असत. स्टॅटिक साइट म्हणजे सर्व्हरवर ठेवलेल्या तयार एचटीएमएल (वेबपानाची भाषा) फायली. कुणी पान मागितले की फाइल आहे तशी पाठवली जाते. डेटाबेस नाही, मागणीनुसार पान तयार करणारी पीएचपीसारखी भाषाही नाही. १९९१ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतून वेब जगापुढे आले ते याच रूपात. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, त्या सुमारास जिओसिटीजसारख्या संकेतस्थळांवर पाने ठेवायला फुकट जागा मिळू लागली होती. मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण अक्षरांची होती.

मराठी फॉन्टचे मोठे काम पुण्यात झाले. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्ट हे संगणकावर भारतीय लिप्या आणणारे तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने इथे पुढे नेले. मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी ही फॉन्टप्रणालीही इथलीच. छपाईसाठी ही साधने उत्तम होती. वेबवर मात्र असे फॉन्ट अपुरे पडले, कारण त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. वाचकाकडे नेमका तोच फॉन्ट नसला की पानावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत, आणि शोधयंत्रांच्या हातीही तीच लागत.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तीत देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरीची सोय झाली. तिथे आणि पुढच्या विंडोज एक्सपीत मात्र ती कंट्रोल पॅनेलमधून वेगळी चालू करावी लागे, नाहीतर वेलांटी चुकीच्या बाजूला पडे.

जुनी फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, हे फार मोठे नुकसान आहे. ती युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरे बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाआधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती नंतर येते. ‘स्थिती’त ती अख्ख्या ‘स्थ’ नंतर न्यावी लागते. परिवर्तक (हा बदल करणारा प्रोग्रॅम) फक्त एक तुकडा ओलांडून थांबला तर ‘स्िथती’ होते. रफाराचे उलटे: ‘वर्ष’मध्ये तो ‘ष’ नंतर साठवलेला असतो, तो आधी आणावा लागतो. म्हणून परिवर्तनानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासलीच पाहिजेत.

स्टॅटिक साइट बनवणे पुढे सोपे झाले: २००८ मध्ये अशी साइट तयार करून देणारा जेकिल हा प्रोग्रॅम आणि ती फुकट ठेवू देणारी गिटहब पेजेस ही सेवा आली, २०१३ मध्ये जेकिलसारखाच ह्यूगो. मजकूर साध्या मार्कडाउन (मोजक्या खुणा वापरून लिहिलेल्या) फाइलीत राहू लागला. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. ज्यांनी मूळ फायली घरी ठेवल्या नव्हत्या, त्यांची पाने बहुधा गेली. आज होस्टिंग बदलायचे तर फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले की झाले.

मराठीसाठी तीन गोष्टी अजून सांभाळाव्या लागतात. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे फाइलीत साठवण्याची पद्धत) वापरल्याची घोषणा फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवी, नाहीतर ब्राउझर अंदाज बांधतो आणि तो चुकू शकतो. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी. तशी नोंद असली आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. फायलींची नावे रोमनमध्ये ठेवलेली बरी: देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटासाठी ३ चिन्हे लागतात, त्यामुळे ‘पुणे’ (प, उकार, ण, मात्रा) एवढा शब्द पत्त्यात कॉपी केला की बहुतेक वेळा ३६ चिन्हांचा होतो.