सुई टोचते कुठे, कळ थांबते कुठे

गोव्यातल्या माशेलच्या आत्याचा उजवा गुडघा बदलून बारा दिवस झाले होते. मी भेटायला गेलो तेव्हा ती टाच पलंगावर घसटत नेऊन गुडघा दुमडायचा व्यायाम करत होती. दर खेपेला ओठ दाताखाली. उशाशी वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे, एकही न फोडलेले. म्हणाली, "चीनमध्ये म्हणे भूल न देता, नुसत्या सुया टोचून पोट फाडतात. मग मी ही औषधं कशाला घ्यायची?" ओळखीच्या कुणीतरी तिला तसे पटवून दिले होते.

अ‍ॅक्युपंक्चरबद्दलची, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी पद्धतीबद्दलची, ही समजूत बरीच जुनी आहे. जुलै 1971 मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि त्यांनी तो अनुभव न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिला. ऑपरेशन नेहमीसारखे भुलीचे इंजेक्शन देऊनच झाले होते. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा, उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली. तासाभरात आराम पडला, असे त्यांनी लिहिले. सांगोवांगी त्याची 'सुयांवर केलेली शस्त्रक्रिया' झाली.

मग आराम कशाने पडतो? माझा सगळ्यात आवडता भाग हा.

जखमेकडून निघालेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूत शिरतो आणि तिथून मेंदूकडे चढतो. पण मेंदू नुसता ऐकत बसत नाही. मेंदूखोडातून खाली उतरणारे चेतातंतू त्या संदेशाला मज्जारज्जूतच थोपवू शकतात, आणि या कामात शरीराची स्वतःची अफू वापरली जाते. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे काढले. अफूतले मॉर्फिन ज्या कुलपात बसते त्याच कुलपाची ही घरची किल्ली. नॅलोक्सोन नावाचे औषध याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही, आणि दुसऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही. अफूची मात्रा जास्त झालेल्या रुग्णाला ते त्यासाठीच देतात.

1977 मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागी सुया टोचून दातातली वेदना कमी केली, मग नॅलोक्सोन दिले. वेदना परतली. म्हणजे सुईने घरची अफू सोडवली होती. पुढे बीजिंगच्या हान जिशंग यांनी सुयांतून सौम्य वीज सोडून पाहिली: सेकंदाला 2 स्पंदनांनी मुख्यतः एन्केफॅलिन, 100 स्पंदनांनी डायनॉर्फिन नावाची दुसरी घरची अफू, आणि दोघांची कुलपेही वेगवेगळी.

इथवर वाचून सुईवाल्याकडे धाव घेऊ नका. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेले 'औषध' दिले. काहींना खरेच बरे वाटले. त्यांना नॅलोक्सोन देताच दुखणे वाढले! नुसत्या भरवशानेही तीच अफू पाझरते. म्हणून तर टोचल्यासारखी वाटणारी, पण आत न शिरता दांड्यात सरकणारी खोटी सुई तयार करावी लागली. पाठदुखीच्या मोठ्या जर्मन चाचण्यांत खऱ्या आणि लुटुपुटीच्या टोचण्यात फारसा फरक निघाला नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर पहिल्या दिवशी दुखणे काहीसे कमी आणि मॉर्फिनसारखी औषधेही कमी लागतात, पण बऱ्याच चाचण्या लहान आहेत. सुई पूरक ठरू शकते, गोळ्यांच्या जागी नाही.

आणि अ‍ॅक्युपंक्चरवाले सांगतात ती 'ची' नावाची ऊर्जा, तिचे मार्ग, त्यातले अडथळे? शवविच्छेदनात असे मार्ग कुणाला सापडलेले नाहीत. दृष्ट काढताना मिरच्या जळल्या की दोष गेला म्हणतात, तितकाच त्याला आधार. आपल्या किनारपट्टीवर ऊर्जा मोकळी करून देण्याच्या पाट्या दिसतात, तेव्हा मला मनापासून चीड येते. एवढे सुंदर रसायन समोर असताना हे कशाला?

आत्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. दुखते म्हणून गुडघा दुमडला नाही तर तो आखडेल, तेव्हा गोळी घेऊनच व्यायाम. आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असताना सर्जनला विचारल्याशिवाय कुणाकडूनही सुया टोचून घ्यायच्या नाहीत.

तिने गोळी घेतली. अर्ध्या-पाऊण तासाने तिचा गुडघा आधीपेक्षा चार बोटे जास्त दुमडला. चवथीला गणपतीच्या वर फळाभाज्यांची माटोळी बांधताना स्टुलावर चढायचा तिचा बेत मात्र मी हाणून पाडला.

डावा गुडघा चवथीनंतर करायचा आहे. गेल्या वेळी भूल उतरताना तिला रात्रभर मळमळ आणि वांत्या झाल्या होत्या. त्यावर मनगटाची एक जागा खरोखर बऱ्यापैकी तपासलेली आहे: वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 59 चाचण्या होत्या, आणि तिथे सुई टोचून किंवा नुसते दाबूनही मळमळ कमी झाली. मी तिचा तळहात वर केला, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तिचीच तीन बोटे आडवी ठेवली आणि दोन कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, मधली खोलगट जागा दाखवली. "भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी विचारून घेते," म्हणत तिने तिथे पेनाने ठिपका काढला.