हिशेबात न धरलेले घर्षण

भरलेली हातगाडी ढकलताना हात काढला की दोन-चार पावलांत गाडी थांबते. हा अनुभव इतका रोजचा आहे की जोर लावला तरच वस्तू चालते, हे कुणालाही पटावे. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हेच मांडले आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे ते टिकले. त्याबद्दल त्याला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. त्याने पाहिले ते खरेच होते. गाडीला मागे खेचणारे घर्षण हेही एक बलच आहे, एवढे त्याच्या हिशेबात आले नाही.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदानने या मताला धक्का दिला. फेकलेला दगड मिळालेला रेटा स्वतःबरोबर घेऊन जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मोजमाप मात्र कुणी केले नव्हते.

ते गॅलिलिओने केले. सरळ पडणारी वस्तू मोजता येण्याइतकी सावकाश पडत नाही, म्हणून त्याने उतार घेतला: सुमारे १२ हात लांबीची लाकडी तुळई, तिच्यात बोटभर रुंदीची खाच, घर्षण कमी व्हावे म्हणून खाचेत गुळगुळीत चर्मपत्र आणि त्यावरून घरंगळणारी काशाची गोळी. घड्याळाच्या जागी पाण्याची बादली. तिच्या बारीक नळीतून पडलेले पाणी तो तराजूत तोलायचा आणि त्या वजनावरून वेळ काढायचा. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसले. उतार तोच, गोळीचे वजन तेच, तरी वेग एकसारखा वाढत जातो. म्हणजे बल कायम असेल तर वेग कायम राहत नाही, त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, कायम राहतो! हे प्रयोग सांगणारे त्याचे पुस्तक १६३८ मध्ये लायडेनला छापले गेले, तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता.

१६८७ मध्ये न्यूटनने नियम सांगितला: गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात आणि त्याच्याच दिशेने होतो. नियमांच्या पाठोपाठ त्याने पहिले उपप्रमेय दिले. दोन बले एकदम लागली तर वस्तू समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने जाते. शाळेत हे उपप्रमेय घाईत उरकले जाते, पण निव्वळ बलाची, म्हणजे सगळी बले एकत्र धरून उरणाऱ्या बलाची, कल्पना इथेच आहे. १०० किलोची हातगाडी २०० न्यूटन (हे बलाचे एकक) बलाने पुढे ढकलली आणि घर्षण १८० न्यूटनचे असले, तर उरतात २०. त्वरण होते दर सेकंदाला ०.२ मीटर प्रति सेकंद. गाडी एकाच वेगाने चालली असेल, तेव्हा दोन्ही बले बरोबरीची असतात आणि बाकी शून्य उरते.

बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र न्यूटनच्या ग्रंथात या रूपात सापडत नाही. तिन्ही दिशांची वेगळी समीकरणे मांडून ते सर्वसाधारण नियम म्हणून पुढे ठेवले गणितज्ञ ऑयलरने, १७५० मध्ये, बर्लिनच्या अकादमीत. (न्यूटन हे एककाचे नाव तर १९४८ चे.)

१७८४ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूडने हे सगळे डोळ्यांना दिसेल असे यंत्र प्रसिद्ध केले. कप्पीवरून गेलेल्या दोऱ्याला दोन्हीकडे सारखी वजने. कप्पीचा आस चाकांवर टेकवलेला, म्हणजे घर्षण नाममात्र. एका वजनावर छोटी पट्टी ठेवली की तेवढ्याच जादा भाराने दोन्ही वजने हळूहळू वेग घेतात. दोन्हीकडे ५०० ग्रॅम आणि पट्टी २० ग्रॅमची धरली, तर त्वरण मुक्त पतनाच्या जेमतेम पन्नासावा भाग येते. वाटेत एक कडे असते. वजन त्यातून खाली जाते, पट्टी मात्र कड्यावरच अडकून राहते. आता निव्वळ बल उरलेले नाही, आणि वजन थांबत नाही; पट्टी सुटली त्या क्षणी जो वेग होता, त्याच वेगाने ते खाली उतरत राहते.