वेचणीचे हात आणि विहिरीकडे डोळे

विदर्भात कापूस वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. कमरेला बांधलेल्या फडक्यात दिवसभर जेवढा कापूस जमेल, तेवढेच पैसे. आता वेचणारी बाई स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाची आई असेल तर? लेकरू धुऱ्यावर बसवलेलं, हाक मारली तरी वळत नाही, आणि बाजूच्या वावरात बिनकठड्याची विहीर. न सांगता निघून जाणं स्वमग्न मुलांत बरंच आढळतं, अनेकांना पाण्याची ओढही असते. हात बोंडावर, डोळे विहिरीकडे. संध्याकाळी काट्यावर कापूस कमीच भरणार.

हा ताण शरीरात मोजता येतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन आणि प्रौढ स्वमग्न मुलांच्या आयांमधलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासलं. निष्कर्ष 2010 मध्ये आले. एरवी कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर वाढतं आणि दिवसभर उतरत जातं. ताण वाढला की तेही वाढतं, अशी आपली समजूत. या आयांमध्ये मात्र ते कमी निघालं! वर्षानुवर्षं ताण सुटलाच नाही, तर ही यंत्रणा मंदावू शकते. युद्धावरच्या सैनिकांतही असा नमुना दिसला आहे. याच गटाच्या पाहणीत या आयांच्या कामात सरासरी चार दिवसांतून एकदा खंड पडत होता, इतर आयांच्या कामात दहा दिवसांतून एकदाही नाही. किलोवर मजुरी असली की खंड थेट चुलीपर्यंत पोचतो.

त्यात झोप नाही. निम्म्याहून जास्त स्वमग्न मुलांना झोपेचा त्रास असतो. एका खोलीच्या घरात रात्री दोनला उठलेलं लेकरू सगळ्यांनाच उठवतं, मे महिन्यात लाइन गेलेली असेल तर विचारूच नका.

आणि बोल लागतो तो आईलाच. ग्रहणात काही चिरलं असेल, दिवसभर वावरात असते मग लेकराशी बोलणार कोण... सासूवर चिडण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की शास्त्रानंही हेच केलं होतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, आणि पुढे आईबापांच्या कोरडेपणाकडे बोट दाखवलं गेलं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी 1964 मध्ये हे खोडून काढलं, तरी 1967 मध्ये ब्रूनो बेटेलहाइम हे लेखक आपल्या पुस्तकात आयांनाच दोष देत होते. 1977 मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा धागा हाती लागला. 2019 च्या पाच देशांतल्या अभ्यासात तिचा वाटा सुमारे 80 टक्के निघाला. यावरून ‘कोणाच्या घराण्यातून आलं’ हे नवं भांडण काढू नये: यात शेकडो जनुकं गुंतलेली आहेत, आणि काही बदल आईबाप दोघांतही नसतात, मुलातच नव्यानं घडतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. पण उपचारासाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि ती विम्यात बसत नाही.

म्हणून गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झालेला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून पालकांकडे पाठवलं. मुलाचा इशारा ओळखून त्याला साजेसं वागणं आईबापांना जमू लागलं. आपल्याकडे हे काम आशाताईंकडे देता येईल, मात्र त्यांच्या डोक्यावर आधीच कामांची रास आहे, तेव्हा मानधन वेगळं द्यावं लागेल.