बिऱ्हाड जठरात, झळ मोठ्या आतड्याला

रविवारी मिसळ खाऊन पोटात आग पडली की आम्ही नाशिककर रश्शाला दोष देतो. तिखटाने जळजळ होते, पण अल्सरचं मोठं कारण वेगळंच आहे: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा पीळदार जीवाणू. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये उजेडात आणला आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. तो जठराच्या कर्करोगालाही कारण ठरतो, हे 1994 पासून मान्य आहे.

इंदिरानगरमधले आमचे शेजारी काका परवा रिपोर्ट घेऊन आले. ‘‘पॉझिटिव्ह आहे. आता आतड्याचाही कॅन्सर होतो म्हणे?’’

काकांनी वाचलेल्या बातमीमागचा अभ्यास 2024 चा. अमेरिकेतल्या 8 लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींत, संसर्ग असलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे शंभरात अठरा जणांना होतो असं मुळीच नाही. समजा एरवी हजारात दहा जणांना होत असेल, तर इथे साधारण बारा जणांना. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, हे सिद्ध होत नाही.

मला मात्र भूल पडली ती वेगळ्याच प्रश्नाची. जीवाणू बसलाय जठरात आणि मध्ये आहे सहाएक मीटर लहान आतडं. मग झळ तिकडे पोचते कशी?

2023 साली म्युनिकच्या संशोधकांनी आतड्यात गाठी होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना हा संसर्ग दिला. गाठी वाढल्या. आपल्या आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्या बुळबुळीत श्लेष्म स्रवतात आणि त्या थरामुळे कोट्यवधी जीवाणू अस्तरापासून दूर राहतात. या उंदरांत त्या पेशी घटल्या, श्लेष्म खाणारे जीवाणू वाढले. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमी झाल्या, दाह भडकवणाऱ्या वाढल्या. अस्तराच्या पेशींत स्टॅट-3 हे प्रथिन जागं झालं. ‘वाढा, मरू नका’ असा हुकूम पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारं हे प्रथिन. म्हणजे जीवाणूचं बिऱ्हाड जठरात असलं, तरी त्याने बिघडवली ती सगळ्या पचनमार्गाची पहारेदारी! आणि संसर्गानंतर लवकर अँटिबायोटिक दिल्यावर गाठींचं प्रमाण संसर्ग नसलेल्या तशाच उंदरांइतकं खाली आलं.

गाठींचं हे वाढणं-घटणं उंदरांत दिसलं. संसर्ग असलेल्या माणसांच्या आतड्याच्या नमुन्यांतही प्रतिकारशक्तीचे आणि अस्तराचे असेच बदल आढळले, मात्र त्यांमुळेच माणसांत कर्करोग होतो का, हे अजून तपासायचं आहे. पण पोटदुखी म्हणजे कुणीतरी करणी करून खाऊ घातलं, असं समजून ती उतरवत बसणाऱ्या घरांत अल्सर महिनोन्महिने रक्त गाळत राहतो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

काकांचा 14 दिवसांचा कोर्स सुरू झालाय. तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी करायची. त्यात खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जीवाणू शिल्लक असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात उतरतो. रक्ताची चाचणी इथे कामाची नाही, कारण जीवाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, तो गेल्यावरही कित्येक महिने रेंगाळतात. आम्ल कमी करणारी गोळी श्वासाच्या चाचणीआधी दोन आठवडे बंद ठेवायला लागते. काकांनी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.